हाती सुकाणू किती तास? मोटरबोट प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम निवडताना

मोटरबोट चालवायला शिकायचे ठरवले, की बहुतेक जण प्रशिक्षण केंद्राला दोनच प्रश्न विचारतात : शुल्क किती आणि प्रमाणपत्र कोणाचे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांच्या उत्तरांवरून अभ्यासक्रमाची पारख होत नाही. ज्या प्रश्नाने ती होते तो असा, की या संपूर्ण अभ्यासक्रमात सुकाणू प्रत्यक्ष माझ्या हातात किती तास असेल आणि ते कोणत्या पाण्यात असेल. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात एका बोटीत आम्ही नऊ जण होतो. दोन दिवसांत माझ्या वाट्याला स्टिअरिंग जेमतेम चाळीस मिनिटे आले, तेही शांत पाण्यात आणि सरळ रेषेत. बोट धक्क्याला लावण्याचे काम प्रत्येक वेळी प्रशिक्षकांनीच केले. प्रमाणपत्र मात्र सर्वांना मिळाले. महिनाभराने एका परिचितांची छोटी बोट ओहोटीच्या ओढीत जेट्टीला लावण्याची वेळ आली, तेव्हा बोटीची कड खांबावर घासत गेली आणि आपण काय शिकलो नाही ते मला तिथे कळले. सुदैवाने कोणाचा हात मध्ये नव्हता. त्यानंतर मी योग्य ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून शिकलो. पुढील टिपण नव्याने शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्या क्रमाने निर्णय घ्यावेत त्याच क्रमाने ते लिहिले आहे.

पहिली पायरी : आपले पाणी ठरवा

बोट कुठे चालवायची आहे हे ठरल्याशिवाय अभ्यासक्रम निवडता येत नाही. नाशिकजवळचे गंगापूर धरण, पुण्याजवळचे पानशेत किंवा पवना यांसारख्या जलाशयात भरती-ओहोटी नसते, लाट लहान असते आणि काठ नेहमी दिसत असतो. तिथे प्रश्न येतात ते अचानक सुटणाऱ्या वाऱ्याचे, पाणी उतरल्यावर वर येणाऱ्या खडकांचे आणि बुडालेल्या झाडांच्या खोडांचे. खाडीत प्रवाह असतो, गाळ असतो, मासेमारीची जाळी आणि खुंट असतात. उघड्या समुद्रात लाट, उधाण, मोठी जहाजे आणि दिशा चुकण्याची शक्यता या सगळ्यांची भर पडते.

याचा अर्थ जलाशयावर शिकणे वाया जाते असा नाही. उलट, पहिले काही तास शांत पाण्यात काढणे चांगलेच, कारण बोट वळते कशी आणि थांबते कशी याकडे तिथे पूर्ण लक्ष देता येते. परंतु ज्याला पुढे अलिबाग, मुरुड किंवा मालवणच्या पाण्यात बोट न्यायची आहे, त्याने संपूर्ण अभ्यासक्रम धरणावर करून थेट समुद्रात उतरणे धोक्याचे आहे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्यातील फरक चार मीटरच्या वर जातो. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढील सहा तासांत बाहेर जाते. त्या ओढीत बोट कशी वागते हे जलाशयावर कोणीही शिकवू शकत नाही. म्हणून केंद्र निवडताना त्याचे शिकवण्याचे पाणी आपल्या पाण्याच्या जातीचे आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे.

दुसरी पायरी : छंद की रोजगार

स्वतःच्या किंवा मित्राच्या बोटीतून कुटुंबाला फिरवणे आणि पैसे घेऊन प्रवासी नेणे, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या आहेत. नद्या, जलाशय आणि अंतर्गत जलक्षेत्र म्हणून सूचित केलेले पाणी यांच्यासाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तिचे सर्वेक्षण, विमा आणि तिच्यावर काम करणाऱ्यांची सक्षमता या सर्व बाबी त्यात येतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील लहान बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे, आणि गोव्यात ही कामे कॅप्टन ऑफ पोर्ट्स खाते पाहते.

पर्यटकांना फेरी मारून आणण्याचा व्यवसाय करायचा असेल, तर दोन दिवसांच्या हौशी अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र त्यासाठी पुरेसे ठरेल असे कोणी सांगितले तरी त्यावर विसंबू नये. आधी आपल्या भागातील बंदर कार्यालयात जाऊन आपल्या बोटीच्या प्रकाराला आणि लांबीला कोणते सक्षमता प्रमाणपत्र लागते, त्याला समुद्रावरील किती सेवेचा अनुभव आवश्यक आहे आणि परीक्षा कोण घेते, हे लेखी विचारून घ्यावे आणि मगच शुल्क भरावे. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि चालवण्याचा परवाना यांत गल्लत करण्याची चूक नवशिक्यांकडून फार वेळा होते. पहिले ‘याला हे शिकवले आहे’ एवढेच सांगते. दुसरे शासनाने दिलेला अधिकार असतो. छंदासाठी शिकणाऱ्यानेही आपल्या बोटीची नोंदणी आणि स्थानिक नियम याच कार्यालयातून समजून घ्यावेत.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांनी तेथील नियम स्वतंत्रपणे पाहावेत, कारण देशागणिक ते फार बदलतात. ब्रिटनमध्ये स्वतःच्या हौसेची छोटी बोट समुद्रात चालवण्यासाठी परवाना सक्तीचा नाही, तर सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये यांत्रिक बोट १० नॉट (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) किंवा त्याहून अधिक वेगाने चालवायची असल्यास परवाना लागतो.

तिसरी पायरी : अभ्यासक्रमांची नावे आणि त्यांचा खरा आशय

आपल्याकडे अनेक खासगी केंद्रे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या, म्हणजे आर. वाय. ए.च्या, श्रेणींचा उल्लेख करतात. त्यामुळे त्या श्रेणी समजून घेतलेल्या बऱ्या. पॉवरबोट लेव्हल १ हा एका दिवसाचा, बोटीची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम आहे आणि तो आठ वर्षांवरील मुलांनाही करता येतो. लेव्हल २ दोन दिवसांचा असून त्यासाठी किमान वय बारा वर्षे आहे. बोट पाण्यात उतरवणे आणि बाहेर काढणे, धक्क्यापासून निघणे आणि धक्क्याला लावणे, नांगर टाकणे, बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणेला, बांधणे, पाण्यात पडलेल्या माणसाला परत घेणे आणि वेगात बोट हाताळणे हे सारे त्यात येते. दिवसा किनाऱ्याने प्रवास करण्याइतके नौकानयन इंटरमीडिएट या पुढच्या श्रेणीत येते, आणि रात्रीचा प्रवास त्यानंतरच्या अॅडव्हान्स्डमध्ये. नवशिक्याने लेव्हल २ च्या तोडीचा अभ्यासक्रम धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका दिवसाच्या अभ्यासक्रमात आवड आहे की नाही हे कळते, पण बोट एकट्याने सांभाळण्याची तयारी त्यातून होत नाही.

गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. जीवरक्षण आणि पॉवरबोट हाताळणी हे तिथले विषय प्रामुख्याने जलक्रीडा व्यवसायात काम करणाऱ्यांसाठी आखलेले आहेत, त्यामुळे किनाऱ्यावर रोजगार शोधणाऱ्या तरुणाने तिथे अवश्य चौकशी करावी. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षणाचे केंद्र आहे. त्याचा मुख्य भर पाण्याखालच्या प्रशिक्षणावर असल्याने बोट हाताळणीचे वर्ग केव्हा असतात ते विचारूनच जावे.

केंद्राच्या फलकावर एखाद्या मोठ्या संस्थेचे बोधचिन्ह असले म्हणजे ते केंद्र त्या संस्थेने मान्य केलेले असतेच असे नाही. ज्या संस्थेचे नाव घेतले जाते तिच्या मान्य केंद्रांच्या यादीत हे नाव आज आहे का, आणि जे प्रशिक्षक आपल्याला शिकवणार आहेत त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत चालू आहे का, हे दोन्ही पाहावे. ‘संलग्न’, ‘धर्तीवर’ आणि ‘मान्यताप्राप्त’ या तीन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत.

चौथी पायरी : सुकाणूचे तास मोजा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दोन दिवसांचा अभ्यासक्रम म्हटला तर नाश्ता, जेवण, वर्गातील व्याख्यान आणि तयारी वगळून पाण्यावर साधारण दहा तास मिळतात, असे धरू. बोटीत तीन विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या हाती सव्वातीन तासांहून थोडा अधिक काळ सुकाणू राहते. सहा असतील तर एक तास चाळीस मिनिटे, आणि आठ असतील तर सव्वा तास. आर. वाय. ए.च्या लेव्हल २ मध्ये एका प्रशिक्षकामागे तीनच विद्यार्थी असावेत असा दंडक आहे, आणि त्यामागचे कारण या हिशेबातच दिसते. स्वस्त वाटणारा अभ्यासक्रम पुष्कळदा बोटीत माणसे वाढवून स्वस्त केलेला असतो. म्हणून शुल्काला सुकाणूच्या तासांनी भागावे आणि मगच दोन केंद्रांची तुलना करावी. अनेकदा महाग दिसणारे केंद्र तासाच्या हिशेबाने स्वस्त निघते. या शुल्कात इंधन, लाइफ जॅकेट, प्रमाणपत्राचा खर्च आणि विमा धरला आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

तासांइतकेच महत्त्व त्या तासांत काय करायला मिळते याला आहे. पूर्ण वेगात सरळ जाणे दहा मिनिटांत जमते आणि आनंदही त्यातच असतो, त्यामुळे हौशी विद्यार्थी आणि घाईतले प्रशिक्षक दोघेही त्यात वेळ घालवतात. खरे कौशल्य चालण्याच्या वेगाने बोट हाताळण्यात आहे. आउटबोर्ड, म्हणजे मागच्या कडेला बाहेरून बसवलेले, मशीन असलेल्या बोटीला वेगळे सुकाणूचे पाते नसते. पंखा ज्या दिशेला पाणी ढकलतो त्यावरच ती वळते, आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकताच वळण्याची शक्ती जवळजवळ संपते. शिवाय बोट मोटारीसारखी पुढून वळत नाही. तिची मागची बाजू बाहेरच्या अंगाला सरकते, म्हणून धक्क्यापासून निघताना स्टिअरिंग धक्क्याच्या विरुद्ध दिशेला फिरवून सरळ पुढे जायला गेले, तर मागचा कोपरा धक्क्यावर आपटतो. हे वाक्य वाचून कोणीही शिकत नाही. वारा धक्क्याकडून येत असताना, वारा धक्क्याकडे जात असताना, प्रवाहाच्या विरुद्ध आणि नाइलाज असेल तेव्हा प्रवाहाबरोबर, अशा वेगवेगळ्या स्थितींत निदान वीस-पंचवीस वेळा बोट लावावी लागते, तेव्हा हात बसतो. केंद्राला थेट विचारावे : ‘प्रत्येक विद्यार्थी स्वतः किती वेळा बोट धक्क्याला लावतो?’ ज्यांना हा प्रश्न ऐकून आश्चर्य वाटेल, तिथे नाव नोंदवू नये.

आणखी एक निवड इथेच करावी लागते. काही केंद्रांतील बोटींना मशीनवरच हँडल असते, ज्याला टिलर म्हणतात, तर काहींना मोटारीसारखे स्टिअरिंग आणि बाजूला थ्रॉटलचा दांडा असतो. टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, आणि घाबरलेल्या क्षणी नेमके हेच उलटे होते. जी बोट पुढे वापरायची आहे तिच्यासारख्याच नियंत्रणावर शिकावे; दोन्ही शिकवणारे केंद्र मिळाले तर फारच उत्तम.

पाचवी पायरी : जे वगळले तर अभ्यासक्रमच घेऊ नये

सर्वांत आधी किल कॉर्ड. ही लाल रंगाची, पिळाची दोरी असते. तिचे एक टोक चालकाच्या मांडीला आणि दुसरे मशीनच्या बटणाला अडकवलेले असते. चालक जागेवरून फेकला गेला की ती निघते आणि मशीन बंद पडते. ती लावलेली नसेल तर चालक नसलेली बोट वेगात गोल गोल फिरत राहते आणि पाण्यात पडलेल्यांच्याच अंगावर परत येते. २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पॅडस्टो गावाजवळ, कॅमल नदीच्या मुखात, एका वेगवान बोटीतील कुटुंबातील सहाही जण पाण्यात फेकले गेले. किल कॉर्ड अडकवलेली नव्हती. फिरत आलेल्या बोटीने वडील आणि त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला आणि इतरांना जखमी केले. आपल्या किनाऱ्यावर ही दोरी बटणाला लावून तशीच लोंबती सोडलेली मी असंख्य वेळा पाहिली आहे. प्रशिक्षक स्वतः ती मांडीला अडकवतात की नाही, हे पहिल्याच भेटीत पाहावे. नसतील अडकवत, तर तिथून निघावे.

दुसरे, पाण्यात पडलेल्या माणसाला परत घेण्याचा सराव. माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू वळवायचे, म्हणजे मागची बाजू आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो. मग एकाने त्याच्यावरची नजर न काढता हात त्याच्या दिशेने धरून ठेवायचा, बोट फिरवून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हळूहळू जवळ यायचे, आणि तो हाताशी येताच मशीन बंद करायचे. हा सराव बोयावर किंवा भरलेल्या डब्यावर प्रत्येक विद्यार्थ्याकडून अनेक वेळा करून घेतला पाहिजे. माणसाला वर कसे ओढायचे हेही दाखवले पाहिजे, कारण ओल्या कपड्यांतील प्रौढ माणूस बोटीच्या कडेवरून उचलणे दोघांनाही जड जाते.

तिसरे, मशीन. चालकाला मेकॅनिक होण्याची गरज नाही, परंतु इंधनाच्या टाकीचा श्वास (झाकणावरील हवेचे छिद्र) उघडणे, इंधनाच्या नळीवरील रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबणे, मशीन सुरू झाल्यावर मागून थंड करणाऱ्या पाण्याची धार येते आहे का हे पाहणे, आणि ती बंद झाल्यास प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का ते तपासणे, एवढे त्याला आलेच पाहिजे. मुंबई आणि ठाण्याच्या खाड्यांत हा शेवटचा प्रसंग वारंवार येतो. दिवसाच्या अखेरीस मशीन गोड्या पाण्याने धुण्याचे काम विद्यार्थ्यांकडून करून घेणारे केंद्र मला नेहमी भरवशाचे वाटते. इंधनाचा एक-तृतीयांश जाण्यासाठी, एक-तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला राखीव, हा हिशेबही पहिल्याच दिवशी शिकवला गेला पाहिजे.

चौथे, भरती-ओहोटी. कोकणात जुन्या माणसांचा तोंडी हिशेब आहे, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत निघते : अष्टमीला सुमारे सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. हा ढोबळ अंदाज आहे आणि प्रत्यक्ष जाताना त्या बंदराचे छापील कोष्टक पाहिलेच पाहिजे, पण अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा सर्वांत कमी चढ-उतार, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सर्वांत जास्त, ही जाण त्यातून पक्की होते. भरतीचे पाणी सहा तासांत एकसारखे चढत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी येते. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी सरकते आणि ओढही तेव्हाच सर्वाधिक असते. जेट्टीला लावण्याचा सराव त्या वेळी एकदा तरी व्हावा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असतो, जसा देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे आहे. ओहोटीचे पाणी बाहेर येत असताना समुद्राची लाट आत येत असेल तर त्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. अनुभवी तांडेल (बोटीचे प्रमुख नाखवे) अशा वेळी बाहेरच थांबतात, आणि केव्हा थांबायचे हे शिकवणारा प्रशिक्षक मोलाचा असतो.

रस्त्याच्या नियमांसारखे समुद्राचेही नियम आहेत आणि ते १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेले आहेत. दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळावे. मार्ग आडवा छेदला जात असेल तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या बाजूला दिसते तिने वाट द्यावी. शिडाच्या होडीला आणि जाळे टाकलेल्या मासेमारी बोटीला यांत्रिक बोटीने सांभाळून जावे. आणि २० मीटरपेक्षा लहान बोटीने अरुंद मार्गातून जाणाऱ्या मोठ्या जहाजाला अडथळा करू नये. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा असतो. गेटवे ते घारापुरी हे अंतर दहा-अकरा किलोमीटरच आहे, पण त्या वाटेवर मालवाहू जहाजे, नौदलाच्या बोटी, प्रवासी लाँच आणि मासेमारीचे मचवे एकाच वेळी असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. समोरची बोट नियमाप्रमाणेच वागेल असे धरून चालता येत नाही, म्हणून चौफेर नजर ठेवण्याची सवय प्रशिक्षणातच लागली पाहिजे.

नांगर टाकणे, दोन-तीन गाठी आणि व्हीएचएफ रेडिओच्या, म्हणजे बोटीवरील बिनतारी संचाच्या, १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागणे हेही अभ्यासक्रमात असावे. भारतीय तटरक्षक दलाचा समुद्रातील शोध व बचावासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे.

सहावी पायरी : पैसे भरण्याआधी एकदा जाऊन या

दूरध्वनीवर किंवा संकेतस्थळावर जे कळत नाही ते धक्क्यावर अर्धा तास उभे राहिल्यावर कळते. दुसऱ्या तुकडीचा वर्ग चालू असताना जावे. लाइफ जॅकेटांकडे पाहावे : बंद तुटलेले आहेत का, फोम दबून चपटा झाला आहे का, वेगवेगळ्या मापांची आहेत का, मुलांसाठी मांडीतून जाणारा पट्टा आहे का. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्याच्या वर राहील अशी रचना असलेले जॅकेट आणि पोहता येणाऱ्याला नुसता आधार देणारे जॅकेट यांतील फरक तिथल्या माणसाला सांगता येतो का, हेही विचारावे. बोटीत वल्ही, पाणी उपसण्याचे भांडे, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी आणि योग्य लांबीच्या दोरासह नांगर आहे का ते पाहावे. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान सहापट सोडावा लागतो; पाच मीटर पाण्यासाठी तीस मीटर दोर नसेल तर तो नांगर नुसता दाखवण्यापुरता आहे.

प्रशिक्षक ओरडतात का, याकडेही मी लक्ष देतो. बोटीवर कधी कधी मोठ्याने बोलावेच लागते, पण चुकलेल्या विद्यार्थ्याच्या हातातून स्टिअरिंग हिसकावून घेणाऱ्या प्रशिक्षकाकडून शिकणे कठीण असते. चांगला प्रशिक्षक चूक सुरक्षित मर्यादेपर्यंत होऊ देतो, बोट थांबवतो, काय झाले ते शिकणाऱ्याकडूनच वदवून घेतो आणि तीच कृती पुन्हा करायला लावतो. शिकवण्याची भाषाही आधी विचारावी. संकटाच्या क्षणी सूचना ज्या भाषेत चटकन कळते तिच्यातच शिकणे हिताचे आहे, आणि कोकणातील अनेक उत्तम प्रशिक्षक मासेमारीच्या घरांतून आलेले असल्याने मराठीत किंवा मालवणीत फार नेमके शिकवतात.

पर्यटकांची गर्दी असलेल्या दिवशी तेच केंद्र फेऱ्यांच्या बोटी कशा चालवते, हेही पाहून घ्यावे. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवणाऱ्यांकडे सुरक्षिततेचे धडे घेण्यात अर्थ नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तीही किनारा नजरेच्या टप्प्यात असताना.

सातवी पायरी : केव्हा शिकावे

मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यात किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद असतात, आणि त्या काळात समुद्रात शिकवण्याची तयारी दाखवणाऱ्या कोणाकडेही जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवशिक्यासाठी सर्वांत चांगला काळ. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, सकाळी पाणी तेलासारखे संथ असते आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटून लाट उठते. त्यामुळे एकाच दिवसात सोपे आणि अवघड दोन्ही पाणी अनुभवता येते. मार्च ते मे या काळात दुपारचा वारा अधिक जोराचा असतो. तेव्हा शिकायचे असेल तर वर्ग सकाळी लवकर सुरू होतो ना, ते पाहावे. तारीख घेताना तिथीही पाहावी, आणि शक्य असल्यास एक दिवस भांगाचा आणि एक उधाणाच्या जवळचा असा अभ्यासक्रम दोन आठवड्यांत विभागून मागावा. काही केंद्रे याला तयार होतात.

जाण्यापूर्वी आणि परतल्यावर

पोहता येणे अनेक अभ्यासक्रमांत सक्तीचे नसते, तरी लाइफ जॅकेट घालून पन्नास मीटर पोहण्याइतका आणि पाण्यात पडल्यावर न गडबडण्याइतका सराव आधी तरणतलावात करावा. पाठीचा किंवा मानेचा त्रास, फिट येणे, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास नाव नोंदवतानाच सांगावे, कारण लाटेवर आपटणाऱ्या बोटीचा धक्का थेट मणक्याला बसतो. सुती कपडे ओले झाले की थंडी वाजते, म्हणून लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे, दोरी असलेली टोपी, पायातून न निसटणारी पादत्राणे आणि भरपूर पिण्याचे पाणी न्यावे. लटकणारी ओढणी, सैल दागिने आणि मोकळे लांब केस मशीनजवळ धोक्याचे ठरतात.

प्रमाणपत्र हाती आल्यावर लगेच कुटुंबाला घेऊन नव्या पाण्यात जाऊ नये. पहिले दहा-बारा तास त्याच परिसरात, जाणत्या माणसाला शेजारी बसवून, पण सुकाणू सतत आपल्याच हाती ठेवून काढावेत. एक वही करावी आणि प्रत्येक फेरीनंतर तीत तारीख, तिथी, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, किती इंधन लागले आणि बोट किती वेळा धक्क्याला लावली एवढे लिहावे. पुढच्या श्रेणीचा अभ्यासक्रम घेताना प्रशिक्षक तुमच्या प्रमाणपत्राआधी ही वही मागतील, आणि तिच्यातील नोंदी पाहून कुठून सुरुवात करायची ते ठरवतील.